सोवळ्यातली कादंबरी

मैलापूर, मद्रास
डिसेंबर १९५८

श्रीयुत राघोत्तमराव मेहुणे यांना तंजावर मुक्कामी चंद्रमौळीचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम. तुमची भगिनी तुळसी सुखरूप असून तुमच्याविषयी वरचेवर बोलते (काय बोलते ते लिहीत नाही). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, तेवढे कळवा. माडीवरच्या कपाटात माझे एक पुस्तक आहे आणि तिथवर जाण्याची वेळ आली आहे.

मार्गशीर्ष लागला की मी आपल्या लाडक्या कादंबरीकारांची ती दोन भागांची कादंबरी पुन्हा काढतो, हे तुम्ही जाणताच. गोष्ट केव्हाच पाठ झाली. आता मी त्या घरात नुसता राहायला जातो. यंदा पुठ्ठा सुटला म्हणून पहिला भाग लाल फडक्यात बांधला, हीच चूक. अन्नपूर्णाआत्याने (मोतीबिंदूने दृष्टी गेलेली, श्रद्धा शाबूत) फडके चाचपले, पोथी समजून देवापुढे ठेवले, फुले वाहिली आणि म्हणाली, "चंद्रू, बस की रे, वाच." मी म्हटले, आत्या, ही पोथी नव्हे, सासरी छळ सोसणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे. "पोथीत तरी दुसरे काय असते?" तेव्हापासून मी रोज सकाळी न्हाऊन, ओल्या पंच्याने पाटावर बसून कादंबरी वाचतो. (अशा वेषात नवराबायकोचे पहिले बोलणे वाचून पाहा, लाजेआधी शिंक येते.) प्रकरण संपले की दूधसाखरेचा नैवेद्य. सासू आली की आत्या "पावी, पावी" (म्हणजे पापिणी) म्हणत तमिळमधून तिचा उद्धार करते.

आता पहिला भाग संपला. डॉक्टरांनी सोमवारी शस्त्रक्रिया ठरवली आहे. उशीर झाला तर उरलासुरला उजेडही जाईल म्हणतात. आणि आत्या म्हणते, अर्धे पारायण टाकून मी उठायची नाही. दुसरा भाग तुम्ही आमच्या लग्नातून "गाडीत वाचायला" नेलात. गाडी एव्हाना पोचली असावी. तेव्हापासून दुसरा भाग मी पाठ आहे तसा मनातच वाचतो. अड्यारपर्यंत शोधले, दुसरी प्रत नाही. तरी रजिस्टर टपालाने सत्वर पाठवावा. लोभ आमच्यावर असू द्या, पुस्तकावर नको.

तुमचा
चंद्रमौळी

ता. क. पत्र टपालात टाकायचे राहिले, बरे झाले. पुस्तक पाठवू नका. दुसऱ्या भागात ती मुलगी मरते, आणि हे ऐकवून आत्याला शस्त्रक्रियेला कसे पाठवू? मी माझे संस्कृत व्याकरण लाल फडक्यात बांधले आणि त्यात डोळे घालून मनाने शेवट रचला. सासू वरमली, नवऱ्याला शहाणपण आले, मुलगी वाचली. (कादंबरीकार क्षमा करोत; इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांच्या लिहिण्यात एकदाच हात घातला.) आत्याने समाप्तीचा नारळ फोडवला. खरा शेवट वाचावासा वाटला तर मीच तंजावरला येईन.

ता. क. दुसरा. आज आत्या दवाखान्यात गेली. जटक्याच्या घोडागाडीत चढवताना माझा हात धरून म्हणाली, "तुझे आतोबा वाचायचे तेव्हा ती दर वेळी मरायची रे. तू चांगला वाचतोस."