गच्चीवरचं मत

वाडी, नागपूर
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. मिनलले आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे खुशाल, तुझी खुशाली कळव. फोनवर तुझं अर्धंच ऐकू येते अन् मामा म्हणते मी ओरडते, म्हणून पत्र.

यंदा मुगवड्या लय साधल्या. राखणीले मास्तर आहेत ना. तुझ्या श्वेतामामीची शाळा गोदामांमागं, तिथं मोबाइलले रेंज नाही. आपल्या गच्चीवर आहे. शाळा सुटली का सारे मास्तर गच्चीवर चढतात अन् नव्या अभ्यासक्रमाचे फोटो सरकारले पाठवतात. कावळा फिरकत नाही. चहा मी करते, गंमत ते करतात.

त्यातली नूपुर मॅडम सांगे, आता पोरांनी हातानं करून शिकायचं, पण मागचा बॅनर सरळ होऊन फोटो निघेपर्यंत हलायचं नाही. एका पोरीनं मातीचा बैल इतका वेळ धरला का शिंग तिच्या हातातच राहिलं. श्वेता प्रशिक्षणाले गेली होती. पोरांले एका जागी बसवून ठेवू नका, हे सांगायले साहेबानं मास्तरांले पाच दिवस दहा ते पाच बसवून ठेवलं. तिच्या कमरेले मी अजून तेल लावून राहिली.

तशी ती म्हणते अभ्यासक्रम वाईट नाही, पोरं घोकंपट्टीतून सुटतील. पण एका खोलीत दोन वर्ग, अडुसष्ट पोरं, अन् पुस्तक आलं तवा चाचणी होऊन गेली होती. पंगत उठल्यावर भाजी आली म्हणा.

आता पुण्याहून कागद आला, मास्तरांचं मत काय म्हणून. मुख्याध्यापक मारोतरावांनी सगळ्यांचं मत एकट्यानंच लिहिलं, ‘अत्यंत समाधानकारक’. श्वेता खरं लिहायले निघाली, तर त्यांनी विचारलं का मागच्या साली खरं लिहिणारी बाई बदलून कुठं गेली, आठवते ना. तिचा पिंटू तिसरीत आहे, त्याले टाकून कुठं जाईल ती. गुमान सही केली.

जेवणाची हयगय करू नको.
तुझी आजी, गोपिका


पुणे
दि. १६ डिसेंबर २०२५

ती. आजीस मिनलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसता हसता चहा सांडला. आजी, तो कागद आमच्याच ऑफिसातून निघालाय. अकराशे शाळांची उत्तरं माझ्या टेबलावर आहेत. सगळ्या शाळा समाधानी, तेही त्याच दोन शब्दांत. साहेब म्हणतात, एक तरी खरं मत शोधा. तुझं पत्र अहवालात जोडू का? पण मामीची बदली झाली तर मी तुला तोंड दाखवू शकणार नाही. तिला विचारूनच कळव. वड्या पाठव, मास्तर नकोत.

तुझ्या मायेची हक्कदार,
मिनल


वाडी, नागपूर
दि. २४ डिसेंबर २०२५

चि. मिनलले आशीर्वाद. वड्या कुरिअरनं निघाल्या.

श्वेताले विचारलं. पांढरीफटक पडली. मंग दोन रोजानं तिनंच तोड काढली. त्या कागदाची एक कोरी प्रत शाळेत उरली, तिच्या पाठीमागं पालकांचं मत लिहायची जागा आहे म्हणे, अन् ती कोणी भरतच नाही. पिंटू तिच्याच शाळेत, म्हणजे मी पालक. मास्तरांचं नाव कुठंच घ्यायचं नाही, सारं माझ्या डोळ्यानं पाहिलं म्हणून लिहायचं. पाहिलंच आहे वं, रोज.

चोरून काहून करायचं, म्हणून मारोतरावांले गच्चीवरच सांगितलं का मी मत देऊन राहिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मले वाटलं आता भांडतील. तर जिन्याकडं पाहून हळूच म्हणाले का आजी, माझंही एक त्यात घाला, तीन वर्षांपासून शिपाई नाही, घंटा मीच वाजवतो अन् संडासही मीच धुतो. त्यांचं ऐकून बाकीचेही सुरू झाले. जागा पुरली नाही, म्हणून पिंटूची वही फाडली. सोबत नऊ पानं आहेत.

तुझ्या साहेबानं विचारलं का ही बाई शिकली किती, तर दुसरी लिही, तीही अर्धी. मले शाळेतून काढून साठ वर्षं झाली, आता अजून कुठून काढतील?

लोभ आहेच, वाढवायले वड्या पाठवल्या.
तुझी आजी, गोपिका