परतीचा कायदा

प्रिय दादा,

आज सभागृहात माझं विधेयक मंजूर झालं. कागदपत्रं नाहीत म्हणून देशाबाहेर काढलेल्यांना आता आपल्या माणसांकडे परत येता येईल. तुला घेऊन गेले त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. निवडणूकही मी त्यासाठीच लढवली, पण हे तुला कधी बोलले नाही.

बातमी कळताच माझ्या मतदारसंघातल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई कार्यालयात आल्या. त्यांच्या नवऱ्यालाही तसंच पाठवून दिलं होतं. "ताई, ते खरंच येतील ना?" असं विचारत त्या माझा हात सोडेनात. "येतील," मी म्हटलं आणि गॅलरीत जाऊन तुला फोन लावला.

तू तिकडे, तुझ्या सायकलच्या दुकानात होतास. मागे नात तुला भंडावत होती, "आजोबा, माझी चेन बसवा ना." कायद्याचं ऐकून तू मनापासून खूश झालास. मग म्हणालास, "छकुले, ज्यांना घरी जायचंय त्यांचं भलं केलंस. मी आता घरीच आहे गं."

मी "हो ना" म्हटलं आणि तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

दादा, मला तू इथे हवा आहेस. कुणाच्याही माणसाला आणायला विमानतळावर गेले, की दारातून तूच येशील असं वाटत राहतं. हे वाचलंस, तर माझ्यासाठी तू दुकानाला कुलूप लावून निघशील. म्हणून हे पत्र तुला पाठवत नाही.

तुझीच,
छकुली