तेलाचा हात

बाबा, आज दसरा. आपल्या अंगणात आज गाडीला नायट्रस बसवला. वाचत असता तर तुम्ही इथेच थांबून चष्मा काढला असता, म्हणून आधीच सांगते: हो, तोच वायू. तुमचा निळा सिलिंडर. रेसची हौस असलेली मुलं तो डिकीत बांधतात, गाडीच्या पोटाखालून त्याची नळी इंजिनापर्यंत नेतात आणि स्टिअरिंगजवळ एक बटण लावतात. बटण दाबलं की वायू इंजिनात शिरतो, पेट्रोल भडकून जळतं आणि गाडी काही क्षण आपल्या ताकदीबाहेर धावते. तुम्ही ज्याची भूल देऊन माणसं निजवत होता त्यानं इंजिन असं उठतं, हे मला या वयात कळलं. तुमच्या नातवानं सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता.

पुण्याची नोकरी गेली तेव्हा तो घरी आला आणि दार लोटून पडला. हाक मारली की जेवायला यायचा, ताटातलं संपवायचा, उठून जायचा. मी आयुष्यभर वर्गात बोलत आले, पण घरातल्या एका माणसाकडून मला एक वाक्य काढता येईना. तसं वर्ष गेलं. मग कुरियरनं खोका आला. त्याचा शाळेपासूनचा मित्र, ज्याचं आर्णी रोडवर गॅरेज आहे, तो रोज सकाळी येऊ लागला. दोघं बॉनेट उघडून त्यात डोकं घालून बसायचे. एकदा आतून आवाज आला, "आई, दोघांचा चहा टाकतेस काय?" मी चहा टाकला. ते काय जोडतायत हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

विचारलं ते पुढे, सगळं बसवत आल्यावर. तो माझ्याशेजारी पायरीवर बसून समजावत होता. या वायूत मुद्दाम घाण वास मिसळतात, कोणी हुंगू नये म्हणून. "आजोबांच्या सिलिंडरले वास होता काय?" किंचित गोड, मी म्हणाले. तो हसला. मी त्याच्या हातांकडे बघत होते. नखांत काळं होतं. वर्षभर ते हात स्वच्छ होते.

आज सकाळी पाने, स्क्रू ड्रायव्हर, जॅक असं सगळं पाटावर मांडलं. झेंडू घातला. कोरडं कुंकू लोखंडावर ठरत नाही म्हणून आपल्याकडे वाहनांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात, तसा मी कालवला. बॉनेटला लावला, चाकांना लावला, पान्यांना लावला. डिकी उघडी होती. सिलिंडर आडवा, पट्ट्यांनी आवळलेला. नळी अजून जोडायची होती. मी वाकले आणि त्याच्या पितळी तोंडावर बोट टेकवलं. शेंदराचा एक ओघळ आतल्या आट्यांत उतरला.

आणि तुम्ही म्हणालात, हात बाजूला.

मी लहान आहे, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. तुम्ही मला उमरखेडला नेलं आहे. तिथल्या डॉक्टरांकडे ऑपरेशन असलं की भूल द्यायला तुम्ही यवतमाळहून जायचात, आणि सिलिंडर मागच्या सीटवर आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलेले असायचे, मी त्यांच्याशेजारी. आईनं सकाळीच डोक्याला तेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या आहेत. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही निळा सिलिंडर उतरवता, मी मदत म्हणून त्याच्या तोंडाला धरते. हात बाजूला. आवाज चढलेला नाही, तरी नर्स चालता चालता थांबते. तुम्ही मला नळाशी नेऊन कोपरापर्यंत साबण लावता, धुता, पुन्हा धुता, माझे तळवे नाकाशी नेऊन वास घेता. मग मला सांगता: हा वायू स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळतो. दाबाखाली तेल भेटलं की पेट घ्यायला ठिणगीसुद्धा लागत नाही. मी रडते. तुम्ही समजूत काढत नाही. सिलिंडरचं तोंड कोरड्या फडक्यानं पुसता, मग निरखता, मग पुन्हा पुसता.

"थांबा," मी म्हणाले. मित्र नळी हातात घेऊन उभा होता.

"काय झालं काकू? नारळ राह्यला काय?"

"तेल लागलं. तोंडाला."

त्यानं वाकून पाहिलं. तो सकाळपासून थट्टा करत होता, की त्याच्या कंप्रेसरलाही दरवर्षी हार घालतात आणि तोच सगळ्यात जास्त बिघडतो. आता तो डिकीत आणखी वाकला. माझा मुलगा म्हणाला, "आई, थेंबभर तेलानं काय होते?"

"तू चूप बस," मित्र म्हणाला. "मी तेलाच्या हातानं पानासुद्धा लावला नाही याले. अन् काकू, तुम्हीच शेंदूर फासून राह्यल्या." मग त्यानं नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे इशारा समजा. तुम्ही म्हणाल तसं. जोडू की सोडून देऊ?"

दोघं माझ्याकडे बघत होते. माझा मुलगासुद्धा. तो घाबरला होता, बाबा. एक शब्द पुरला असता. मी नको म्हटलं असतं तर त्यानं पट्टे सोडले असते, सिलिंडर खोक्यात घातला असता, आत जाऊन दार लोटलं असतं. ते दार मला दिसलं.

मी हात धुतले. तुम्ही माझे धुतले होते तसे. मित्रानं गॅरेजमधून तेल काढायचा स्प्रे आणला, मी नवं कोरडं फडकं आणलं. त्यानं आटे साफ केले, वाळू दिले, मी बॅटरीचा उजेड धरून निरखलं, आणि पुन्हा पुसायला लावलं. मग मी म्हणाले, जोडा.

ते दुपारी गेले. बायपासच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा आहे म्हणतात. मी तो रस्ता पाहिलाय, त्यावर कापसाच्या बैलगाड्याही असतात. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही विचारलं असतंत, तू तेल पुसलंस ते कशासाठी.

तुमची एक सवय आठवते आहे. ऑपरेशन संपलं, सर्जन चहाला गेले, तरी तुम्ही उशाशी उभे. गालावर थोपटायचात. नाव सांगा. पेशंट नाव सांगेपर्यंत हलायचं नाही. मारेगावची एक म्हातारी होती. नाव सांगा आजी, नाव सांगा. बराच वेळ काही नाही, आणि मग डोळे न उघडता ती खेकसली, "कायले?" तुम्ही हसलात. कशाला म्हणून विचारते म्हणजे आली परत, असं म्हणून तुम्ही हातमोजे काढलेत.

आत्ता मी त्याला फोन लावला. बराच वाजला. उचलला तेव्हा मागे वारा होता आणि दोघांचं हसणं.

"नाव सांग," मी म्हणाले.

"कायले?"

मला हसू आलं. तो विचारत होता, आई, बरी आहेस ना, काय झालं? काही नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "एकदाच दाबलं आतापर्यंत. अजून एक फेरी मारून येतो."

बाबा, मी बरं म्हणाले.