बोटांखालचा पट

२ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

स्पर्धा संपली, तिसरी आले. दुसऱ्या दिवशी इथल्या अंधशाळेत बुद्धिबळाचा प्रचार करायला गेले आणि प्रचारकच हरली! तिथल्या भूगोलाच्या बाईंना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या पटावर काळी घरं उंच, पांढरी सखल, घराघरात भोक आणि सोंगट्यांना खुंटी. बाई हलक्या हाताने सारा पट चाचपायच्या आणि चाल बोलून दाखवायच्या. माझा वजीर कधी कोंडला, कळलंच नाही.

तसाच पट तुला पाठवतेय. नजर गेली म्हणून तू खेळ सोडलास, हे काही मला पटलेलं नाही. वहिनीकडून उत्तर लिहून घे.

रागासकट लोभ हवा.

तुझी चिंगी

२० जून

प्रिय वन्संना, स. न. वि. वि.

उत्तर मीच लिहितेय, ह्यांनी सांगितलेलं नाही. पटावर एकदा हात फिरवला आणि तो कपाटावर ठेवायला लावला. म्हणाले, जगभर खेळ वाटत फिर, दया मात्र घरी पाठवू नकोस. तेव्हापासून पटाचं नावही काढू देत नाहीत. दुपारी टेबलावर बोटं मात्र चालत असतात. मी पाहिलंच नाही असं दाखवते.

गोड लिहू नका, भांडा. माया आहेच.

वहिनी

५ जुलै

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

कसली दया? आपल्या गावात अंध खेळाडूंचा वर्ग काढायचं काम बुद्धिबळ महासंघाने माझ्यावर सोपवलंय. शिकवायला तुझं नाव देऊन मोकळी झाले. दुसरं नाव देणार नाही, मग वर्ग बुडाला तरी चालेल. सोमवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत लोक येतील. त्यांना परत पाठवायचं असेल तर तूच जाऊन पाठव.

लोभ वाढवायचा की नाही, तू ठरव.

चिंगी

३० सप्टेंबर

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, वहिनी लिहितेय आणि मधेच हसतेय. त्या सोमवारी लोकांना परत पाठवायलाच गेलो होतो. एका टेलिफोन ऑपरेटर बाईंनी विचारलं, आलाच आहात तर एक डाव खेळणार का? त्यांनी मला पार धुऊन काढलं. इतका चिडलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आता रोज जातो. पट डोक्यात मांडलेला असतो, बोटं फक्त खात्री करून घेतात.

पुढच्या महिन्यात इथे अंधांची स्पर्धा आहे. मी खेळाडू म्हणून नाव दिलंय. पाहुणी तू. पाहुण्यांच्या हातून पहिली चाल करवतात म्हणे. ती दुसऱ्या कुठल्याही पटावर कर. माझी चाल मीच करणार.

लोभ असू दे, पण पटापासून लांब.

दादा