वरचे तीन रेडिएटर

फॉल रिव्हर, १२ डिसेंबर

प्रिय जिल,

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, "जुनी घरं अशीच असतात ताई, स्वेटर घाल." मी घातला. एकावर एक दोन घातले. पडद्यांच्या कारखान्यातून दमून यायचं, खाली स्वयंपाकघरात घाम फुटेल इतकी ऊब, आणि जिना चढून वर गेलं की तोंडातून वाफ निघायची. बाबांची खोली तापवणारा लोखंडी रेडिएटर बर्फासारखा गार. "बाबा, थंडी वाजते का हो?" विचारलं की म्हणायचे, "छे गं, मी मस्त आहे. तू सूप आण." मला वाटलं, म्हातारपणी कातडी जाड होत असेल.

सप्टेंबरमध्ये या रेडिएटरांना वाफ पुरवणारा जुना बॉयलर तडकला तेव्हा तू बॉस्टनहून धावत आलास, आठवतं? मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर तू टेप घेऊन गुडघ्यावर बसलेला, एकेक रेडिएटर मोजत होतास. त्या दिवशी मी शेजारच्या एर्मेलिंडाला म्हटलं, "माझा भाऊ बघ, इतका शिकलाय, तरी बापासाठी धुळीत बसतो." केलच्या पाल्याचं सूप तू तीन वाट्या प्यायलास. गोड पाव मी तुझ्या गाडीत ठेवला. किती बरं वाटलं होतं मला!

काल शेवटी मी तिबोसाहेबांना बोलावलं, ज्यांनी बॉयलर बसवला त्यांनाच. म्हटलं, नळीत काहीतरी अडकलंय. ते वर गेले, रेडिएटरला हात लावला, खाली आले आणि टोपी काढून उभे राहिले. "बाई, अडकलेलं काही नाही. बॉयलरच लहान आहे." मी भडकले. म्हटलं, मोजमाप कशाला घेतलं मग? ते म्हणाले, "वाफेच्या बॉयलरचं सरळ असतं. घरातले सगळे रेडिएटर मोजायचे, बेरीज करायची, तेवढी वाफ देईल असा घ्यायचा. मोठा घेतला तर सारखा बंद-चालू होत राहतो, लहान घेतला तर वाफ टोकापर्यंत पोचत नाही. तुमच्याकडे आठ आहेत. मी आठच धरले होते. पण तुमच्या भावाने वरचे तीन वजा करायला सांगितले. नाताळ झाला की ते काढायला मी यायचं, असं ठरलंय. म्हातारे वृद्धाश्रमात जाणार, तुम्ही खाली शिवणाच्या खोलीत झोपणार, वरचा मजला बंद होणार. तुम्हाला माहीत नव्हतं?"

जिल, त्या तिनातला एक माझ्या खोलीत आहे.

 मी खुर्ची ओढून बसले. तू माझ्यासमोर बसून सूप पीत होतास आणि मला खाली शिवणाच्या खोलीत हलवायचं तुझ्या मनात ठरलेलं होतं. तू भांडला असतास, "ताई, तुला एकटीला बाबांचं होत नाही" म्हणाला असतास, तर मी ऐकलं असतं. कदाचित पटलंही असतं. त्यांना उचलताना पाठ दुखते माझी. पण तू मला विचारलंच नाहीस. बॉयलरला सांगितलंस.

संध्याकाळी बाबांजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिबोने सांगितलं वाटतं." जिल, त्यांना सप्टेंबरपासून ठाऊक होतं! त्यांच्या दाराबाहेर उभं राहून तू तिबोला सांगत होतास. तुला वाटलं, त्यांना ऐकू येत नाही. "तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी ओरडले. म्हणाले, "तू त्याच्याशी बोलणं टाकलं असतंस, पोरी. थंडी काय, सोसता येते." तीन महिने ते तुझ्यासाठी कुडकुडत बसले, आणि मला म्हणत राहिले, मी मस्त आहे.

आठही रेडिएटर तापतील असा बॉयलर मंगळवारी येतोय. तिबो हा परत नेणार आहेत. वृद्धाश्रमाचं बोलायचं असेल तर इथे, बाबांच्या पलंगाजवळ बसून, त्यांच्या तोंडावर बोल. मला हे पत्र लिहायचंच नव्हतं. बाबांनी लिहायला लावलं. म्हणाले, "बॉयलरचं एक अक्षर लिहू नकोस. फक्त विचार, नाताळला जेवायला येतोस का." त्यांचं अर्धंच ऐकलं मी. तर विचारते: येतोस का?

तुझी ताई, अजून तरी,
ओदिलिया