खोडलेलं पान पाच घरांत

ती. अक्का,

धाकट्याचा, कंबर वाकू देते तेवढा वाकून, नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नवा चष्मा आला का? (नसेल आला तर घाई करू नकोस. डोळ्यांच्या बाबतीत घाई वाईट.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे, पण ठीक काही नाही. सकाळपासून माझा चहा तीनदा गार झाला. आठवणींतून मी खोडून टाकलेलं एक पान जिवंत आहे, आणि तेही पाच घरांत! ते कोणी वाचलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

दुकान बंद केल्यापासून मी आपल्या घराच्या आठवणी थोरल्या मुलाच्या संगणकावर एका बोटाने लिहितोय, हे तुला ठाऊक आहे. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, जोडाक्षर आलं की घाम फुटतो. थोरला म्हणाला, रोजचं लिखाण जपणारी सोय करू, काल काय होतं, परवा काय होतं, सगळं काढून बघता येईल. मी "बरं" म्हणालो. (न कळता "बरं" म्हणायची सवय मला लग्नापासून आहे.) पण ती सोय कशी करायची यावरून त्याची आणि सूनबाईची जुंपली. थोरल्याचं म्हणणं, सगळं एकाच जागी ठेवायचं, बाहेरच्या खोलीतल्या काळ्या खोक्यात. ज्याला वाचायचं-लिहायचं असेल त्याने तिथून मागून घ्यायचं आणि तिथेच परत ठेवायचं. सूनबाई म्हणाली, "आणि खोकंच बसलं तर? बाबांच्या आठवणींचं काय लोणचं घालायचं?" तिचं म्हणणं, प्रत्येक घरी सगळीच्या सगळी प्रत द्यायची. एक गेली तरी चार शाबूत. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर मागाहून जुळवून घ्यायचं. (जुळवून घ्यायचं म्हणे! आपल्या घराण्यात!)

आता मी अण्णांचा मुलगा, त्यांच्यासारखाच कुलपं दुरुस्त करणारा माणूस. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो की एका कुलपाला दोन किल्ल्या. तिसरी केलीत की ते कुलूप नव्हे, दाराचा दागिना. पण त्याच दिवशी मला खोक्यावरच्या छताला ओल दिसली. हाताएवढी. ती रुपयाएवढी होती असं थोरला म्हणतो, पण ओल काय, वाढतेच. माझा धीर सुटला आणि मीच म्हणालो, वाटा, पाच घरांत वाटा. अक्का, मीच!

काल सूनबाईने मोठ्या कौतुकाने मला बोलावलं. "बाबा, बघा ना, तुम्ही खोडलेलंसुद्धा गेलेलं नाही!" आणि पडद्यावर माझं ते पान. वर तारीख, वेळ, आणि कोणी लिहिलं, कोणी खोडलं, तर दोन्हीकडे माझंच नाव. चोराने पावती फाडून ठेवावी तसं. मी पडद्यावर हात आडवा धरला. म्हटलं, "अगं, किल्ली घासताना पडलेला कीस कोणी गिऱ्हाइकाला पुडीत बांधून देतं का?"

"यात देतात," ती म्हणाली. इतकं शांतपणे!

थोरला आतून ओरडला, "तरी मी सांगत होतो! एका खोक्यात असतं तर इथल्या इथे निस्तरलं असतं."

तर अक्का, एका जागी बरं की वाटलेलं बरं, यावर तुझं मत कळव. तू मोठी, तू म्हणशील तसं करू.

तुझा,
धाकटा

ता. क. मत सवडीने दे. आधी एक कर. पाच घरं म्हणजे आमचं, धाकट्या मुलाचं, दोन्ही लेकींची आणि पाचवं तुझं. तुझ्या नातीने रविवारी प्रत उतरवून घेतली आहे. तिला सांग, उघडून न बघता पुसून टाक.

ता. क. दुसरा. थोरला म्हणतो, तू पुसून उपयोग नाही, बाकी चार ठिकाणी आहेच. म्हणजे माझ्या लेकी वाचणार आणि तासाभरात तुला फोन करणार. तुझ्या भाच्यांच्या तोंडाला बसेल असं कुलूप मला आजवर जमलेलं नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा त्यांच्याआधी मीच सांगतो. लहानपणी अण्णांचा नमुन्याच्या किल्ल्यांचा जुडगा तुझ्या हातून हरवला नव्हता. मी तो खेळायला नेला, पुलावरून पाण्यात पाडला, आणि अण्णांनी विचारल्यावर तुझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी तुला कामाच्या टेबलाशी बसू दिलं नाही. किल्ली घासायची कानस तुझ्या हातात माझ्यापेक्षा सरळ चालायची, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. दुकान तुझं व्हायचं होतं. हे सगळं मी त्या पानात लिहिलं, दोन दिवस ठेवलं, आणि मग खोडून त्या जागी पुन्हा "अक्काने जुडगा हरवला" असं लिहिलं. आता वाच. फोन करू नकोस, मला ऐकवणार नाही. पत्र लिही. आणि रागाच्या भरात जे लिहिशील, ते खोडू नकोस.