शीआयडीच्या घरचं पाणी

दौंड, ४ फेब्रुवारी २०२४

ती. बाळासोमामांस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि पाय प्लास्टरमध्ये, म्हणून लिहिते. काल आप्पांचा दहावा झाला. भावकी आली, पण कुरकुंभच्या कंपनीतलं कुणी फिरकलं नाही. ईश्वरकाका तेवढे आले, तेही लांब उभे राहिले. कावळा काही केल्या शिवेना. आईला सांभाळू, घर राखू, सगळं बोलून झालं. शेवटी दर्भाचा कावळा लावला. परतताना कुणीतरी पुटपुटलं, शीआयडीच्या पिंडाला कावळाबी भितोय म्हणून. मला तिथंच मेल्यासारखं झालं.

माझ्या लग्नाआधी कंपनीत झालेल्या संपात आप्पांच्या जिवलग दोस्ताला, ईश्वरकाकांना पोलिसांनी उचललं, त्यांची नोकरी गेली, तेव्हापासून हा शब्द आप्पांना चिकटला. साध्या कपड्यातला एक अनोळखी माणूस गेटजवळच्या टपरीवर चौकशा करत होता आणि मग आमच्या घरी चहाला बसला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तो कोण, हे आप्पांनी कधीच सांगितलं नाही. ईश्वरकाकांनी पुन्हा आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. आईला विचारलं तर नुसती रडते. मामा, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत. हा शब्द आला कुठून, आणि माझ्याच बापाला का लागला?

उत्तराची वाट पाहते. मामींना नमस्कार.
तुमची, सारिका

तळेगाव ढमढेरे, १२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सारिकास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पाय बरा आहे. तुझी मामी मला खाटेवरून हलू देत नाही, खरी शीआयडी तीच. आधी शब्दाचं सांगतो, मास्तरची खोड. आपल्याकडे पूर्वी हेर होते, पेशवाईत जासूद. सीआयडी आला इंग्रजांबरोबर. गुन्हे तपासणाऱ्या खात्याच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. त्या खात्याची माणसं साध्या वेशात सभांना येऊन बसायची, म्हणून परका माणूस दिसला की लोक गप्प व्हायचे. इंग्रज गेला. गावानं शब्द ठेवून घेतला आणि शेजाऱ्याला लावला. त्याला पुरावा लागत नाही, पोरी.

आता दुसरं. दाजींनी मला आणि तुझ्या आईला शपथ घातली होती. ते गेले, आता मी ती सुटली असं धरतो. तो माणूस पोलीस नव्हता. मी तुझ्यासाठी सुचवलेल्या स्थळाचा चुलता होता. सोयरिकीआधी माणसं गुपचूप चौकशी करतातच, तसा तो आला होता. तू तेव्हा पाबळला शिकत होतीस. तुझ्या दंडावरच्या कोडाचं त्याला कळलं आणि त्यांनी नकार कळवला. त्याच आठवड्यात ईश्वरला धरलं. तो कोण ते सांगावं, तर नकार का आला तेही सांगावं लागणार. दाजी म्हणाले, मला शीआयडी म्हणू द्या, माझ्या लेकीला कुणी नाव ठेवायला नको. पुढे सत्यजीतरावांनी डाग पाहून होकार दिला, तेव्हा मी म्हटलं, आता तरी बोला. तर म्हणाले, तिच्या पोरीबाळींची लग्नं व्हायचीत.

रडू येईल तेवढं रडून घे.
तुझा मामा

दौंड, १५ जानेवारी २०२५

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

वर्षभर मी गप्प बसले. तुमच्यापासून काय लपवू, माझ्या अक्षदासाठी स्थळं येतायत आणि मलाही आप्पांचीच भीती वाटली. शेवटी तिलाच सांगितलं. ती म्हणाली, यानं जे स्थळ मोडेल ते मोडू दे, आजोबांनी पुष्कळ सोसलं.

परवा वर्षश्राद्धाला ईश्वरकाकांना मुद्दाम बोलावलं. भावकीदेखत बाही वर केली आणि सगळं सांगितलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. अक्षदाच्या स्थळाकडून अजून निरोप नाही, येईल तो येवो.

काका उठून पुढं आले. मग कावळ्यासाठी ठेवलेल्या पानापुढं बसले आणि आप्पांनाच विचारत राहिले, की हरिबा, मला तरी सांगायचं व्हतंस. मी काय परका व्हतो का? रडून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. आईनं आप्पांच्या तांब्यातून दिलं आणि एवढंच म्हणाली, की भावजी, मागायला लई उशीर केला.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची, सारिका